इम्प्लांटला हिरडी कशी धरते?

खऱ्या दाताच्या मुळावर सिमेंटमचा थर असतो आणि हिरडीचे कोलॅजन तंतू त्यात आडवे रुतलेले असतात. टायटॅनियमच्या इम्प्लांटवर हा थरच नाही. तंतू रुतणार कशात? ते धातूला समांतर धावतात किंवा भोवती कडे करतात. चिकटते ती वरची, सुमारे २ मिमी उंचीची पेशींची पट्टी. हाडाची पकड १९६५ मध्ये दंतरोपण करणाऱ्या ब्रोनेमार्क यांच्या पहिल्या रुग्णापासून गाजली, हिरडीची आठवण उशिराच झाली!  हिरडी आणि धातूचा हा जोड सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासताना खरी कसरत काप घेण्याची: नमुना धातूसकट रेझिनमध्ये बसवून हिऱ्याच्या पात्याने कापायचा, मग प्रकाश आरपार जाईल इतका घासायचा.