चांदबिबीच्या महालात चांदबिबी नाही

नगरच्या पूर्वेला डोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. सगळे तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती मुर्तझा निजामशहाचा कारभारी सलाबतखान याची कबर आहे. निजामशाहीबद्दलचे आपले बरेच समज याच जातीचे आहेत.

मोगल आले आणि निजामशाही खिळखिळी झाली, हा त्यातला मोठा. खरं तर घर आधीच पेटलं होतं. 1588 मध्ये मीरान हुसेनने बापाला, म्हणजे याच मुर्तझाला, हमामखान्यात कोंडून उष्णतेने मारलं. इतिहासकार फिरिश्ता त्या वेळी नगरलाच चाकरीत होता. पुढच्याच वर्षी मीरानचाही मुडदा पडला आणि गादीवर त्याचा चुलतभाऊ इस्माईल हा कोवळा पोरगा आला. त्याचा बाप बुऱ्हाण तेव्हा अकबराच्या आश्रयाला होता. 1591 मध्ये रोहिणखेडच्या लढाईनंतर त्या बुऱ्हाणने स्वतःच्याच मुलाला उतरवून गादी घेतली.

ही भांडणं धर्माची होती, असंही सर्रास समजलं जातं. पंथाची धार त्यांना होती. पण खरा सवाल लहान मुलाच्या नावाने शिक्के कोण मारणार, हा होता. एका बाजूला इराण-तुराणातून आलेले परदेशी ऊर्फ आफाकी, दुसऱ्या बाजूला दखनी आणि हबशी. 1589 मध्ये नगरात आफाकींची सर्रास कत्तल झाली. मारणारे मुसलमान, मरणारेही मुसलमान. उलट, पहिल्या बुऱ्हाणशहाने कावरसेन या ब्राह्मणाला पेशवा केलं होतं. (पेशवा हे पद पुण्याने शोधलं, हा आणखी एक गैरसमज.)

1595 मध्ये, दुसऱ्या बुऱ्हाणच्या मागे, तर दखनी आणि हबशीही फाटले. गादीला एकाच वेळी चार धनी उभे राहिले. मियां मंजूने अहमद नावाचा मुलगा राजवंशातला म्हणून बसवला. तो त्या वंशाचा नव्हताच, असं पुढे निघालं. इखलासखानाने मोती नावाचं एक पोर पुढे केलं, अभंगखानाने वयोवृद्ध शाहअलीला. चांदबिबी तान्ह्या बहादूरच्या बाजूने होती. यातल्या मियां मंजूने अडचणीत सापडल्यावर गुजरातेत असलेल्या शहजादा मुरादला मदतीला बोलावलं. मोगल असे आवतण घेऊन आले! नंतर त्याला पश्चात्ताप झाला, पण तोवर मुरादची फौज किल्ल्याखाली होती.

चांदबिबीने किल्ला लढवला, वऱ्हाड देऊन 1596 मध्ये तह केला. ती सुलताना नव्हती. हुसेन निजामशहाची ही लेक, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा, भावाचा नातू बहादूर याच्या नावाने कारभार सांभाळत होती. 1600 मध्ये तिला मोगलांनी मारलं नाही. ती शत्रूशी बोलणी करतेय, अशी बोंब हमीदखानाने ठोकली आणि किल्ल्यातल्याच लोकांनी तिचा जीव घेतला. थोड्याच दिवसांत किल्ला पडला, बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

तरीही निजामशाही तिथे संपली नाही. मलिक अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तझाला, त्याच शाहअलीच्या मुलाला, गादीवर बसवलं. अंबर 1626 पर्यंत लढला. 1633 मध्ये दौलताबाद गेलं, आणि बालसुलतान हुसेन ग्वाल्हेरला. त्याच वर्षी शहाजीराजांनी पेमगिरीवर आणखी एका छोट्या मुर्तझाला निजामशहा म्हणून उभं केलं. 1636 मध्ये माहुलीला त्यांना त्याला मोगलांच्या हवाली करावं लागलं. ग्वाल्हेरच्या कैदेत गेलेला तो तिसरा निजामशहा.