वित्तशाखेचा पहिला पगार : समज आणि वस्तुस्थिती

वाणिज्याची पदवी हाती पडण्याच्या सुमारास मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतून एका आकड्याची चर्चा सुरू होते. तो आकडा नेमका कशाचा, ही चौकशी मात्र क्वचितच होते. शेजारच्या मुलाला सहा लाखांचे पॅकेज मिळाले, एवढी वार्ता पुरेशी ठरते. आणि ज्या पदवीधराने तीन वर्षे परक्या कंपन्यांचे ताळेबंद उलगडण्याचा अभ्यास केला, तोच आपल्या नेमणूकपत्राला जोडलेला वेतनाचा तक्ता न वाचता त्यावर सही करून मोकळा होतो. नव्या पिढीच्या अपेक्षा अवाच्या सवा असतात, हा वडीलधाऱ्यांचा नेहमीचा आक्षेप मला फारसा पटत नाही. अपेक्षा मोठी असल्याने कोणाचे बिघडत नाही. बिघडते ते ती केवळ ऐकीव असल्याने.

सर्वांत दृढमूल समज असा की, सहा लाखांस बाराने भागले म्हणजे दरमहा पन्नास हजार रुपये खात्यात जमा होतील. वस्तुतः ज्याला ‘सीटीसी’ म्हणतात तो मालकाचा त्या कर्मचाऱ्यापायी होणारा एकूण वार्षिक खर्च असतो, आणि त्यात कर्मचाऱ्याच्या हाती कधी न येणाऱ्या किंवा फार उशिरा येणाऱ्या रकमाही बेमालूम मिसळलेल्या असतात. नमुन्यादाखल हिशेब मांडू. सहा लाखांपैकी मूळ वेतन निम्मे, म्हणजे दरमहा २५,००० रुपये, असे धरले आणि आस्थापना भविष्यनिर्वाह निधीचा भरणा या पूर्ण रकमेवर करीत असली, तर १२ टक्क्यांप्रमाणे मालकाचा हिस्सा वर्षाला ३६,००० होतो. उपदानापोटी, म्हणजे ग्रॅच्युइटीपोटी, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्क्यांप्रमाणे १४,४३० बाजूला पडतात; कामगिरीवर अवलंबून असलेला हिस्सा ६०,००० आणि सामूहिक विम्याचा हप्ता ९,५७० धरला, की एक लाख वीस हजार रुपये वजा होऊन मासिक ढोबळ पगार ४०,००० उरतो. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीचा हिस्सा ३,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसायकर २०० (फेब्रुवारीत ३००) कापला जाऊन हाती ३६,८०० रुपये येतात. पन्नास हजारांच्या भरवशावर अंधेरीत भाड्याची खोली ठरवून बसलेल्या मुलाची यात काय अवस्था होते, हे सांगावयास नको.

मात्र या वजावटीला सरसकट लूट समजणे हाही गैरसमजच होय. भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम कर्मचाऱ्याचीच असून २०२४-२५ या वर्षासाठी तिच्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले होते. उपदानाची गोष्ट निराळी. कायम नोकरीत पाच वर्षांची सलग सेवा ही कायद्याची अट असल्याने, दीड-दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या तरुणाच्या बाबतीत तो आकडा बहुधा कागदावरच राहतो. आणि पगार कापला गेला तो प्राप्तिकरापायी, असे जे घरोघरी सांगितले जाते, ते या पातळीवर निराधार आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही, आणि पगारदारास ७५,००० ची प्रमाण वजावट त्याखेरीज मिळते.

दुसरा समज महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांनी पोसलेला आहे. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांस चार-चार लाख आणि एकास चोवीस लाख मिळाले, तर सरासरी सहा लाख भरते, जी त्या दहांपैकी एकाच्याही वाट्यास आलेली नसते. सरासरी आणि मध्यक (क्रमाने मांडल्यास मधोमध येणारा आकडा) यांतील भेद शाळेतच शिकविला जातो. प्रवेश घेताना मात्र तो पालकही विसरतात आणि पाल्यही. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीसाठी, म्हणजे ‘एनआयआरएफ’साठी, संस्थांना मध्यक वेतनच कळवावे लागते. ज्या संस्था या क्रमवारीत भाग घेतात त्यांची ती माहिती सर्वांस पाहता येते. ती पाहावी, आणि ‘सर्वोच्च पॅकेज’ची जाहिरात खुशाल विसरावी.

‘इन्व्हेस्टमेंट बँकेत लागला’ या वाक्याने जितकी दिशाभूल होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. वांद्रे-कुर्ला संकुलात बसून कंपन्यांची विलीनीकरणे आणि भागविक्री घडविणाऱ्या मोजक्या मंडळींचे वेतन, आणि त्याच बँकेच्या खराडी किंवा मालाड येथील कचेरीत सौद्यांचा ताळमेळ घालणाऱ्या, ग्राहकांची कागदपत्रे तपासणाऱ्या शेकडो पदवीधरांचे वेतन, यांची तुलनाच होऊ शकत नाही. हे दुसरे काम हलके आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. २७ जानेवारी २०२३ पासून आपल्या शेअरबाजारातील सौदे दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पुरे होऊ लागले, ते अशाच पडद्यामागच्या कामाच्या जोरावर. परंतु पगार दारावरील पाटीप्रमाणे ठरत नाही, हुद्द्याप्रमाणे ठरतो. विक्रीच्या हुद्द्यांबाबत तर हे अधिकच खरे. तेथील कमिशनचा आकडा उद्दिष्ट पूर्ण झाले तरच मिळावयाचा असतो.

सरकारी बँकेचा पगार तुटपुंजा, हा समज तर कालबाह्यच झाला आहे. मार्च २०२४ च्या वेतनकरारानंतर परिविक्षाधीन अधिकाऱ्याचे मूळ वेतन ४८,४८० रुपयांपासून सुरू होते. स्टेट बँकेत चार आगाऊ वेतनवाढींमुळे ते ५६,४८० होते, आणि त्यावर महागाईभत्ता व इतर भत्ते मिळतात. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाला खाजगी क्षेत्रात सहजी न मिळणारी ही रक्कम आहे. अर्थात स्पर्धा तीव्र असते, बदली देशात कोठेही होऊ शकते, आणि स्टेट बँकेत तीन वर्षे सेवा करण्याचा दोन लाखांचा करारनामा लिहून द्यावा लागतो. या अटी न वाचता केवळ वेतन पाहणाराही पुढे कुरकुरतो.

प्रमाणपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. सीएफएची, म्हणजे ‘चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट’ची, पहिली पातळी उत्तीर्ण होणे म्हणजे ती सनद मिळणे नव्हे. तिन्ही परीक्षांखेरीज किमान छत्तीस महिन्यांत मिळून ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव तिला लागतो. शेअरबाजाराच्या क्षेत्रातील ‘एनआयएसएम’ या संस्थेच्या परीक्षा काही कामांसाठी अनिवार्य आहेत, त्या उत्तीर्ण झाल्याने ते काम करण्याची मुभा मिळते, पगारवाढ आपोआप पदरात पडत नाही.

तेव्हा यंदा रुजू होणाऱ्यांस एवढीच विनंती की, सही करण्यापूर्वी निश्चित वेतन किती, कामगिरीवर अवलंबून किती, दरमहा हाती किती, आणि रुजू होताना मिळालेला बोनस वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करावा लागतो काय, या चार बाबींचा तपशील कंपनीकडून लेखी मागून घ्यावा.