पित्ताशयाची शस्त्रक्रिया आणि पित्तनलिकेची तपासणी

पोटाच्या वरच्या भागात एकाएकी उठणारी आणि पाठीकडे जाणारी तीव्र कळ, तिच्यासोबत उलट्या, ही स्वादुपिंडाच्या दाहाची लक्षणे असू शकतात. या दाहाचे मूळ पुष्कळदा पित्ताशयातील खड्यांत असते. पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका बहुधा आतड्याच्या तोंडाशी एकत्र येतात. पित्ताशयातून निसटलेला खडा तेथे अडकला, की दाह सुरू होतो. अमेरिकेतील डॉ. यूजीन ओपी यांनी १९०१ साली शवविच्छेदनात असा अडकलेला खडा दाखवून दिला.

मात्र प्रत्येक रुग्णात तो तेथेच अडकून राहतो काय? अर्जेंटिनातील अकोस्टा आणि लेडेस्मा यांनी १९७४ साली याचे उत्तर दिले, तेही अगदी साध्या, किंबहुना किळसवाण्या उपायाने. त्यांनी रुग्णांचा मल गाळून पाहिला. ३६ पैकी ३४ रुग्णांच्या मलात खडे सापडले! म्हणजे दाह निर्माण करणारा खडा बहुधा आपोआप पुढे निघून जातो.

तरीही पित्ताशय काढताना शल्यचिकित्सकापुढे प्रश्न उरतोच, की नलिका मोकळी झाली आहे, की आणखी एखादा खडा मागे राहिला आहे? रक्तातील बिलिरुबिनचे प्रमाण आणि सोनोग्राफीत दिसणारी नलिकेची रुंदी यांवरून प्रथम अंदाज बांधला जातो. नलिकेच्या खालच्या टोकाचा खडा सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही. म्हणून संशय असल्यास एम.आर.सी.पी. ही चुंबकीय तपासणी करतात, अथवा शस्त्रक्रियेच्या वेळीच नलिकेत औषध सोडून क्ष-किरण चित्र घेतात. ही दुसरी पद्धतही अर्जेंटिनाचीच; ती डॉ. पाब्लो मिरिझी यांची. तोंडावाटे दुर्बीण घालून करावयाची ई.आर.सी.पी. मात्र केवळ पाहण्यासाठी सरसकट करू नये, कारण तिच्यामुळेच काहींना स्वादुपिंडाचा दाह होतो. नलिकेत खडा आढळला, अथवा कावीळ व थंडीतापासह नलिकेत जंतुसंसर्ग झाला, तर ती आवश्यक ठरते.

कळ थांबली की रुग्णाला घरी नेण्याची घाई आप्तांना होते. येथेच धोका आहे. नेदरलँड्समध्ये सौम्य दाहाच्या २६४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्याच मुक्कामात पित्ताशय काढलेल्यांपैकी ५ टक्के, तर सुमारे महिनाभर थांबविलेल्यांपैकी १७ टक्के रुग्णांना खड्यांच्या त्रासामुळे पुन्हा रुग्णालयात यावे लागले किंवा मृत्यू आला. दाह तीव्र असून स्वादुपिंडाभोवती द्रव साठला असेल, तर मात्र तो ओसरेपर्यंत काही आठवडे शस्त्रक्रिया लांबविणेच इष्ट असते.