ठाण्यातून घाटीकडे

समजा, छत्रपती संभाजीनगरातील मुकुंदवाडी रेल्वेस्थानकाबाहेर एखादा अनवाणी इसम हातात वीट घेऊन स्वतःशीच पुटपुटत उभा आहे आणि बघ्यांपैकी कोणी 112 क्रमांक फिरवला आहे. अशा वेळी 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम 100 ने पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर सोपवलेले कर्तव्य त्या इसमास संरक्षणात घेण्याचे आहे. त्यास शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे येथे बहुधा घाटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शासकीय रुग्णालयात, नेले पाहिजे. कोठडीत ठेवण्यास तर सर्वथा मनाई आहे. बंदोबस्ताची सवय जडलेल्या खात्यास हे चटकन पचत नाही, हेही खरे. प्राणघातक बळाविषयी कायदा अधिकच सक्त आहे: ज्याच्यावर मृत्युदंडास वा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा अटक करताना जीव घेण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 43 कोणासही देत नाही. काठी कमी घातक खरी, पण तीच डोक्यावर बसली तर हा भेद उरत नाही. शिवाय भ्रमग्रस्ताला दरडावणीचा अर्थ उमगतोच असे नाही. बघ्यांना पांगवावे, अंतर राखावे, ओळखीच्या नातलगास बोलू द्यावे. आणि घरच्यांनी, वेळ येण्यापूर्वीच, टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.