कर्मचारी घडतो संवादातून

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात इमारत, यंत्रसामग्री, खाटा आणि तपासलेल्या रुग्णांची संख्या यांचा तपशील असतो आणि तो असावयासच हवा. आपण विश्वासाने दिलेल्या पैशाचे काय झाले, हे जाणण्याचा देणगीदारांना पूर्ण अधिकार आहे. परंतु कोणत्याही ताळेबंदात न दिसणारी एक गोष्ट अशी आहे की, जिच्यावाचून ही सारी सामग्री अपुरी पडते. ती म्हणजे वरिष्ठ आणि त्यांच्या हाताखालील कर्मचारी यांच्यातील संवाद. त्याविषयी या लेखात थोडे विवेचन करावयाचे आहे.

धरमतर खाडीच्या परिसरातील, पेण-रोह्याकडील एखाद्या रुग्णालयातील पावसाळ्यातली रात्रपाळी डोळ्यांसमोर आणावी. भाताच्या खाचरात सर्पदंश झालेला शेतकरी, तापाने फणफणलेले मूल घेऊन आलेले कातकरी कुटुंब, खाडीकाठच्या गावातील बाळंतीण असे रुग्ण दाखल आहेत. डॉक्टर फेरी पूर्ण करून जातात. रात्रभर रुग्णाजवळ राहते ती परिचारिका. मुलाला औषध पाजले गेले की पुडी तशीच उशाशी राहिली, हे प्रथम लक्षात येते ते वॉर्डातील मावशींच्या. सर्पदंशाच्या रुग्णाच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर विषाचा परिणाम मज्जासंस्थेवर होत असल्याची ती खूण असते. पुढे श्वासही अडखळू शकतो. परिचारिकेला हे दिसते. मात्र “आत्ता डॉक्टरांना उठविले आणि काहीच नसले, तर बोलणी खावी लागतील” असा विचार तिच्या मनात आला, तर मोलाची मिनिटे निघून जातात.

बोलण्याचे धैर्य त्या एका रात्रीत येत नाही. आधीच्या कित्येक महिन्यांत वरिष्ठ तिच्याशी कसे बोलले, तिने विचारलेल्या शंकेला उत्तर मिळाले की उपहास, यावर ते ठरलेले असते.

चूक सांगण्याची मोकळीक

अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. जेथे नेतृत्व चांगले, तेथे औषध देण्यातील चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशा गटांत नोंदल्या गेलेल्या चुका अधिक निघाल्या. खोलात जाता त्याचा उलगडा झाला. त्या गटांतील परिचारिका चुका झाकून ठेवीत नव्हत्या. वरिष्ठांना निर्भयपणे सांगत होत्या. इतरत्र चुका होत असूनही कागदावर येत नव्हत्या. सांगितलेली चूक सुधारता येते. लपविलेली चूक पुन्हा घडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी सुरक्षिततेची एक तपासणी-यादी प्रसृत केली. चीर देण्यापूर्वी शस्त्रक्रियागृहातील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, अशी एक साधी सूचना तीत आहे. नवी दिल्लीसह जगातील ८ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. हे श्रेय संपूर्ण यादीचे आहे, केवळ ओळख करून देण्याचे नव्हे. तरीही सर्वांना बोलते करण्याची गरज त्या यादीच्या कर्त्यांना वाटली, हे लक्षणीय आहे.

जामखेडचा धडा

यासाठी परदेशाकडेच पाहावयास हवे असे नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. प्रारंभी त्यांनी गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमून पाहिल्या. परंतु त्या गावात रुळू शकल्या नाहीत. तेव्हा गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या.

त्यांना शिकविण्याची पद्धत विचार करण्याजोगी आहे. या स्त्रिया नियमितपणे केंद्रात येत, एकत्र बसत आणि गावात काय पाहिले, कोठे अडले, ते सांगत. डॉक्टर ऐकत, प्रश्न विचारीत आणि त्या अनुभवातूनच पुढील पाठ निघे. आपल्या शब्दाला मोल आहे हे उमगल्यावर त्या गावातही निर्धाराने बोलू लागल्या. या कार्याबद्दल आरोळे दांपत्याला १९७९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निरक्षर स्त्रीला जर असे घडविता येते, तर प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेविषयी आपण निराश होण्याचे कारण काय?

हे करावे कसे?

आपल्याकडे कर्मचाऱ्याचे मूल्यमापन म्हणजे वर्षाखेरीचा गोपनीय अहवाल, अशी जुनी रूढी आहे. तो कर्मचाऱ्याविषयी असतो. त्याच्याशी झालेले बोलणे त्यात क्वचितच असते. त्याऐवजी मेट्रननी प्रत्येक परिचारिकेसाठी आणि विभागप्रमुखांनी प्रत्येक साहाय्यकासाठी महिन्यातून अर्धा तास राखून ठेवावा. रुग्ण व नातेवाईक यांच्यासमोर नव्हे, तर स्वतंत्र खोलीत निवांत बसावे. कोणते काम चांगले झाले, कोठे अडचण येते आणि पुढे काय शिकावयाची इच्छा आहे, एवढे तीन प्रश्न पुरेत. वरिष्ठांनी कमी बोलावे आणि अधिक ऐकावे. चूक दाखवावयाची असल्यास नेमका प्रसंग सांगावा. स्वभावावर ठपका ठेवू नये. जे ठरेल ते वहीत लिहावे आणि पुढील महिन्यात त्याच नोंदीपासून आरंभ करावा. मागील बोलण्याचे काहीच झाले नाही असा अनुभव दोनदा आला, की कर्मचारी तिसऱ्यांदा मन मोकळे करीत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. संवाद हा योग्य वेतनाला किंवा पुरेशा मनुष्यबळाला पर्याय नव्हे. दोघींचे काम एकीवर टाकून तिची गोड शब्दांत विचारपूस करणे ही प्रतारणाच ठरेल. संवादातून पुढे आलेली अडचण सोडविण्याची तयारी विश्वस्तांनीही ठेवावयास हवी.

देणगीदारांनी यंत्रासाठी साहाय्य करावे, तसेच कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आणि त्यासाठी लागणाऱ्या वेळेसाठीही करावे. रुग्णांच्या नातेवाइकांनी तक्रार जरूर सांगावी. त्याबरोबर ज्या सिस्टरनी वा मावशींनी मायेने सेवा केली, त्यांचे नाव आवर्जून कळवावे. महिन्याच्या त्या अर्ध्या तासात ते नाव उच्चारले जाईल. मग एखाद्या रात्री रुग्णाच्या पापण्या जड होताना दिसल्या, तर तीच परिचारिका निःसंकोचपणे डॉक्टरांना हाक मारील.