अंगणातील ब्राह्मी : ओळख, लागवड आणि शुद्धता

मेध्य द्रव्यांमध्ये ब्राह्मीइतके लोकप्रिय द्रव्य क्वचितच असेल. आणि ओळखीच्या बाबतीत इतके घोटाळ्यात सापडलेलेही विरळाच. 'घरी ब्राह्मी लावली आहे, तिचा रस घेऊ का?' असे रुग्ण विचारतात, तेव्हा त्यांच्या कुंडीत नेमके काय वाढत आहे, हे आम्हांस प्रथम पाहावे लागते. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून अनेकदा मंडूकपर्णीच, म्हणजे कोकणातील कारिवणा, हाती पडते. केरळात मात्र ब्राह्मी म्हणजे जलब्राह्मी.

संहिताकारांनी ही गल्लत केलेली नाही. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानातील मेधायुष्कामीय अध्यायात मंडूकपर्णी व ब्राह्मी यांचे कल्प स्वतंत्रपणे सांगितले आहेत. चरकाचार्यांच्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस येतो, तर ब्राह्मीरसाने सिद्ध केलेले घृत अपस्मार चिकित्सेत येते. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानेही ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका असे दोन स्वतंत्र निबंध दिले आहेत. चूर्णाची मात्राही भिन्न आहे : ब्राह्मीची १ ते ३ ग्रॅम, मंडूकपर्णीची ३ ते ६ ग्रॅम. मंडूकपर्णीच्या मात्रेत जलब्राह्मी दिली गेल्यास, विशेषतः रिकाम्या पोटी, मळमळ व द्रवमलप्रवृत्ती अशा तक्रारी उद्भवू शकतात. तेव्हा हा वाद केवळ नावाचा नव्हे, तो रुग्णाच्या कोष्ठाचाही आहे.

जिवंत रोप समोर असेल तर ओळख कठीण नाही. जलब्राह्मीचे खोड मऊ, रसाळ व जमिनीवर पसरणारे असून पेरापेराला मुळे फुटतात. पाने समोरासमोर, बिनदेठाची, मांसल, टोकाकडे रुंद व कडेने अखंड असतात. पानांच्या बगलेत फिकट जांभळी वा पांढरट, पाच पाकळ्यांची एकेकटी फुले येतात. चव स्पष्ट तिक्त. मंडूकपर्णीची पाने मात्र लांब देठाची, वृक्काकार व दातेरी कडांची; फुले अतिशय बारीक, लालसर व पानांखाली दडलेली. ओलसर जागी पसरणारी जलपिप्पली ही तिसरी वनस्पती. तिच्या पानांचा वरचा भाग दातेरी असतो आणि फुले लांब दांड्यावर गुच्छाने येतात.

लागवड सोपी आहे. १५ ते २० सेंमी खोल, पसरट कुंडी वा ट्रे घ्यावा. तळाला निचऱ्याची छिद्रे असावीत. पोयट्याची माती व चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावे. ५ ते १० सेंमी लांबीची, काही पेरे असलेली फाटी सुमारे १० सेंमी अंतरावर आडवी टेकवून पेरे मातीत दाबावीत. आषाढ-श्रावण हा उत्तम काळ. माती सदैव ओली राहावी, परंतु वर पाणी साचू देऊ नये. अन्यथा डासांची पैदास होते. उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावी. अडीच-तीन महिन्यांत ट्रे हिरवागार भरतो. कापणी करताना ४-५ सेंमी भाग राखावा म्हणजे नवी फूट येते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'प्रज्ञाशक्ती' व 'सुबोधक' हे वाण विकसित केले आहेत. खात्रीचे बेणे हवे असणाऱ्यांनी त्यांची चौकशी करावी.

येथे एक सावधगिरी सर्वांत महत्त्वाची. जलब्राह्मी पाण्यातील व मातीतील शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू सहज शोषून स्वतःत साठवते. ओढ्या-नाल्यांच्या काठी ती जोमाने वाढते आणि नेमकी तेथूनच पुष्कळदा गोळा केली जाते. हा धातू डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही आणि पाने धुतल्याने जात नाही. वनौषधींसाठी शिशाची मर्यादा १० पीपीएम, तर कॅडमियमची अवघी ०.३ पीपीएम आहे. म्हणून घरी लावताना रस्त्याकडेची वा जुन्या रंगकामाचा राडारोडा मिसळलेली माती टाळावी. मोरी, धुण्याचे यंत्र यांचे सांडपाणी या ट्रेला कदापि देऊ नये. पिण्याचे पाणीच द्यावे. कीटकनाशक फवारलेल्या कुंड्यांशेजारीही ट्रे ठेवू नये.

आमची वैद्यबंधू-भगिनींना व औषधी दुकानदारांना विनंती एवढीच की, आपल्या दारात जलब्राह्मी व मंडूकपर्णी यांचे दोन ट्रे शेजारी शेजारी, नावाच्या पाट्यांसह ठेवावेत. रुग्णाने आणलेली फांदी तेथेच पडताळता येते. दुकानदारांनी चूर्णाऐवजी सुके पंचांग खरेदी करावे. त्यातील थोडे कोमट पाण्यात भिजवून पान उलगडावे आणि ट्रेमधील पानाशी ताडून पाहावे. दळलेल्या मालात ही सोय उरत नाही. धातूंच्या तपासणीचा अहवाल मागण्याची सवयही लावून घ्यावी, कारण ते काम डोळ्यांचे नव्हे, प्रयोगशाळेचे आहे. चिठ्ठीवर नुसते 'ब्राह्मी' न लिहिता 'जलब्राह्मी' किंवा 'मंडूकपर्णी' असे स्पष्ट लिहिण्यास वैद्यांना चार अक्षरे अधिक पडतील. तेवढ्याने रुग्णाच्या हाती योग्य द्रव्य योग्य मात्रेत पडण्याची वाट मोकळी होईल.