साठीनंतर गिरवलेले नाव

श्रोतेहो, दवाखान्यात कारकुनाने कागद पुढे सरकवावा आणि बाईने "हाताला लागलंय, तुम्हीच लिहा" असे खोटेच सांगावे, हा प्रसंग तुम्हांला नवा नसेल. जपानातल्या ओसाका आणि कावासाकी या शहरांत कोरियन आज्यांनी असे बहाणे करीत जन्म काढला. आजीला त्यांच्या भाषेत 'हल्मोनी' म्हणतात.

या बाया तिथे आल्या कशा? १९१० साली जपानने कोरिया गिळला, आणि पोटासाठी कितीतरी कुटुंबे समुद्र ओलांडून आली. मुलीला शाळा कशाला, हा विचार त्यांच्यातही होताच. त्यात गरिबी. १९४५ साली जपानचे राज्य गेले. १९५२ साली यांचे जपानी नागरिकत्वही गेले.

मुले मार्गी लागल्यावर या बाया रात्रीच्या शाळेत जाऊ लागल्या. ओसाकात तेन्नोजीला अशी एक शाळा १९६९ साली निघाली. जपानीची साधी अक्षरे ४६, पण त्यांपुढे चित्राक्षरे हजारांनी! अर्थात खरी अडचण वेगळीच. पहिल्या दिवशी नाव लिहायचे, ते कोणते? १९४० पासून सरकारने कोरियनांना जपानी धर्तीची नावे घ्यायला लावली होती. शेजारीपाजारी त्याच नावाने हाक मारीत. आईबापांनी ठेवलेले नाव पुष्कळजणींना वर्गातच परत मिळाले, तेही राज्यकर्त्यांच्या लिपीत. ही गोष्ट मला अजून बोचते.

अक्षर आले तसा आवाजही आला. १९९३ साली हिगाशी-ओसाकात शाळेत गर्दी झाली म्हणून बऱ्याचजणींना ताइहेइजी येथील जोडवर्गात धाडले. शिक्षक अपुरे. तेव्हा या म्हाताऱ्यांनी शिक्षण-कचेरीसमोर ठाण मांडले. २००१ साली स्वतंत्र शाळा मिळाली, तेव्हाच त्या थांबल्या.

कावासाकीच्या साकुरामोतो वस्तीत १९८८ साली 'फुरेआइकान' हे केंद्र सुरू झाले. तिथे शेजारी बसून शिकवणाऱ्याला गुरुजी म्हणत नाहीत, 'बरोबर शिकणारा' म्हणतात. वर्ग चालवणाऱ्यांनो, हे जरा ध्यानात घ्या. आजी आपली हकिगत लिहिते, अडले तर विचारते, आणि शेजारचा माणूस तिच्याकडून लढाईच्या दिवसांची, कष्टाची, मेलेल्या माणसांची गोष्ट शिकतो. त्या लिखाणाचे पुस्तक २०१९ साली निघाले. त्याच्या नावाचा अर्थ, 'मीसुद्धा या काळाचा एक भाग आहे.'